लाखेची टोपी

शाळेतून निवृत्त झालो त्या महिन्यात लेकीनं पुण्याहून एक मोठा खोका पाठवला. कुरिअरचा पोरगा दारातच म्हणाला, "सर, केक हाय वाटतं, आडवा करू नका." आत फेडोरा हॅट निघाली. गडद तपकिरी, भोवती काळी फीत, माथ्यावर लांबट घळ आणि पुढच्या बाजूला दोन बोटांनी चिमटा काढल्यासारखे खळगे.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. "बाबा, महाबळेश्वर आठवतंय का?" मला आठवत नव्हतं. ती सहा वर्षांची होती. तिथल्या बाजारात मी म्हणे एक हॅट घालून आरशासमोर बराच वेळ उभा होतो आणि किंमत ऐकल्यावर ती हळूच खुंटीला परत अडकवली होती. पुढच्या दुकानापर्यंत जाताना मी दोनदा मागं वळून पाहिलं, हेही तिच्या ध्यानात होतं. आपण विसरलेलं लेकी कुठं जपून ठेवतात कोण जाणे.

हॅट डोक्यावर ठेवली. ठेवलीच म्हणायचं, कारण ती बसेना. पुढं कपाळाला रुतत होती, मागं डोक्याच्या गोट्याला रुतत होती, आणि दोन्ही कानांच्या वर मात्र करंगळी जाईल एवढी फट. माप चुकलेलं नव्हतं. मागच्या दिवाळीत लेकीनं "सहज" म्हणून टेपनं माझं डोकं मोजलं होतं, 58 सेंटिमीटर, आणि हॅटच्या आतही 58 च छापलेलं होतं. पण दोन डोक्यांचा घेर एक असला म्हणून आकार एक नसतो. माझं डोकं पुढून मागं लांबोडं, कारखानदाराच्या मनातलं जरा गोलसर. शिवाय हॅट अशी कडक की काठावर टिचकी मारली तर पुठ्ठ्यासारखी वाजायची. दहा मिनिटांनी काढली तेव्हा कपाळावर लाल रेघ उठली होती. बायको म्हणाली, "आडवं गंध बरं लावलंय हो."

नवी वहाण चावते हे आपल्याला ठाऊक असतं. वडील नव्या वहाणा आणल्या की दोन रात्री एरंडेल पाजून ठेवायचे, मगच पाय घालायचे. पण टोपीही चावते हे मला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं.

तरी हौसेनं पहिल्या दिवशी घालून बाहेर पडलो. लातूरला डोक्यावर काय काय चालतं? पांढरी टोपी चालते, फेटा चालतो, उन्हाळ्यात गमछा आणि थंडीत माकडटोपी चालते. हॅट चालत नाही. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींनी मेथीची जुडी हातातच धरून विचारलं, "शिकारीला निघालाव का सर?" पुढं दोन पोरं जादूगार, जादूगार करत मागं लागली. त्यातलं एक माझ्याच माजी विद्यार्थ्याचं होतं. घरी आलो, हॅट कपाटात ठेवली आणि चार दिवस कपाट उघडलं नाही.

त्या चार दिवसांत वाचन मात्र केलं; मास्तरकीची खोड. फेडोरा हे मुळात एका बाईचं नाव. 1882 साली पॅरिसमध्ये एक नाटक आलं, त्यात सारा बर्नार्टनं फेडोरा नावाच्या राजकन्येचं काम केलं. हॅटला नाव तिथून मिळालं, आणि सुरुवातीला ती बायकांनीच मिरवली. पुरुषांकडं ती नंतर आली. हे मी स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं. बायकोनं हात पुसले, कपाटातून हॅट काढली, डोक्यावर चढवली आणि अंबाड्यावर ती तिरकी होऊन बसली ती माझ्यापेक्षा कितीतरी झोकात. "मग ही माझीच की," म्हणून तिनं ती परत ठेवली. एकंदरीत त्या आठवड्यात हॅटवर माझा हक्क फारसा शाबूत नव्हता.

आमच्या घराण्यात डोक्यावरच्या वस्तूंची गोष्ट तशी वाकडीतिकडीच आहे. आजोबा निजामाच्या तहसिलीत कारकून होते. त्यांचा एकच फोटो आहे आणि त्यात डोक्यावर रुमी टोपी आहे, उंच, ताठ, मागं गोंडा. घरी पटका, कचेरीत रुमी. ही रुमी टोपी म्हणजेही नमदाच, न विणता लोकर दाबून केलेलं जाड कापड, हॅटच्याच जातीचं. आजी सांगायची की हैदराबादला काही काम निघालं की आजोबा टोपी सोबत नेऊन "कलबुतावर चढवून" आणायचे. कलबूत म्हणजे साचा. त्यावर टोपी ओढून बसवायची, ऊन वाफ द्यायची, की पिचकलेली टोपी पुन्हा नवरदेवासारखी उभी. तुर्कस्तानात केमाल पाशानं 1925 साली कायदा करून ही टोपी बंद केली आणि लोकांच्या डोक्यावर काठाची हॅट आणली. त्याच वर्षीच्या ऑगस्टात तो स्वतः पनामा हॅट घेऊन कस्तमोनू गावात लोकांसमोर गेला होता. जिच्या नावात रूम, म्हणजे तुर्कांचाच मुलूख, तिथंच ती गुन्हा ठरली. आमच्या तहसिलीत मात्र ती पुढची तेवीस वर्षं सुखानं नांदली.

17 सप्टेंबर 1948 ला निजामाचं राज्य संपलं, त्यानंतर आजोबांनी पांढरी टोपी घातली. टोपी फिरवली असं त्यांना कचेरीतलं कुणी म्हणालं नाही, म्हणणाऱ्यानं स्वतःचीही नुकतीच बदललेली होती. रुमी टोपी आजीनं ताब्यात घेतली. गोंडा कापून धाकट्या आत्याच्या वेणीला लावला आणि टोपी उलटी करून तिच्यात सुया, दोऱ्याची रिळं, सुट्या गुंड्या ठेवल्या. पुढं त्यात भोपळ्याचं, दोडक्याचं बी असायचं. नमद्यात बी कोरडं राहतं, हे तिचं शास्त्र. माझ्या लहानपणी मला ती टोपी आहे हे ठाऊकच नव्हतं. ती आमच्यासाठी बियांची वाटी होती.

वडिलांची तऱ्हा वेगळी. त्यांची पांढरी टोपी भाताच्या पेजेत बुडवून, वाळवून, वर कडक इस्त्री. घडीच्या टोकानं भाकरी कापता येईल अशी ती व्हावी लागे. मऊ टोपीचा माणूस त्यांना विश्वासाचा वाटत नसे. उधार मागायला कुणी आला तर ते आधी त्याच्या टोपीकडं बघत, असं आई म्हणायची. आणि मी? आमची पिढी बोडक्यानंच हिंडली. तेव्हा डोक्यावर काही बसवून घ्यायची सवयच मला नव्हती. हॅट कडक होती हे खरं, पण डोकंही कोरं होतं.

पाचव्या दिवशी मनावर घेतलं. इंटरनेटवर सगळ्यांचं एकच सांगणं: वाफ द्या. चहाचं आधण ठेवलं, हॅटचा काठ वाफेवर वीतभर उंच धरला. अर्ध्या मिनिटात बोटांखाली फरक कळला. मघापर्यंत जो काठ पुठ्ठ्यासारखा होता तो पोळीच्या कणकेसारखा वळायला लागला. पुढचा भाग जरा खाली वळवला, गार होईपर्यंत तसाच धरून ठेवला आणि सोडला. राहिला की! एवढा आनंद मला सेवानिवृत्तीच्या सत्कारातही झाला नव्हता. मग माथ्यावरची घळ थोडी सैल केली, चिमटे बोटांनी रुंद केले. इथवर सगळं झकास झालं.

नंतर हाव सुटली. एकेक वीत कुठं वाफवत बसायचं, म्हणून इडलीपात्रात पाणी उकळलं, झाकण काढलं आणि अख्खी हॅटच त्यावर पालथी घातली. वर्तमानपत्र वाचत बसलो. संपादकीय संपवून आलो तर काठाला चहूबाजूंनी लाटा आल्या होत्या, आणि आतली चामड्याची पट्टी सुरकुतून आक्रसली होती. आधी 58 ची हॅट माझ्या 58 ला चावत होती, आता ती 57 चीही राहिली नव्हती. बायको डोकावली. "काय करायलाव हे? पापड झाला की ओ!"

चामड्याला वाफ लागू द्यायची नसते. पट्टी बाहेर उलटून घ्यायची आणि वाफ फक्त नमद्याला द्यायची. हे वाचलं होतं मी. वाचलेलं आणि केलेलं यात इडलीपात्राएवढं अंतर असतं.

शेजारी तेव्हा लाकूडकाम चालू होतं. मिस्त्री दुपारचा डबा खाऊन ओट्यावर बसले होते. लाजत लाजत हॅट दाखवली. त्यांनी ती हातात घेतली, काठ अंगठ्यानं दाबला, नखानं आतून खरवडलं, वास घेतला आणि म्हणाले, "सर, ह्याला चपडा पाजलाय की." मग पिशवीतून एक पुडी काढली. आत पिवळ्याधमक, काचेसारख्या पातळ पापड्या. चपडा लाख. स्पिरिटमध्ये भिजवली की पॉलिश तयार. तेच पॉलिश ते त्या वेळी शेजारच्यांच्या देवघराला मारत होते. "टेबलावर गरम पातेलं ठिवलं की पांढरा डाग पडतो का नाही? तसंच हाय हे. ऊब लागली की लाख ढिली पडती. गार झाली की पुन्हा धरती."

मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं. लाख कोणापासून मिळते, एका वाक्यात उत्तर लिहा, एक गुण. किड्यापासून. पळसावर, बोरीवर, कुसुमाच्या झाडावर हा किडा रस शोषतो आणि अंगाभोवती लाखेचं कवच करतो. झारखंड, छत्तीसगडकडं तिचं मोठं पीक निघतं. 75 अंशांच्या आसपास ती वितळते, म्हणजे शंभर अंशांच्या वाफेपुढं तिचं काय चालणार. एवढं सगळं मला पाठ होतं आणि हॅट घरात आल्यापासून ती मला साहेबाच्या देशातली वस्तू वाटत होती. फाल्गुनात औशाच्या रस्त्याला पळस पेटतो, तो बघायला दरवर्षी जातो मी. आजीच्या पाटल्या पोकळ होत्या आणि आत लाख भरलेली होती. मोडायला नेल्या तेव्हा सोनारानं लाखेचं वजन वजा केलं म्हणून आजी त्याच्याशी जन्मभर बोलली नाही.

आणि नमदा तरी कुठं परका होता? आजीच्या खाटेवर बुरणूस असायचं. घोंगडं विणतात, बुरणूस विणत नाहीत. लोकर पिंजायची, पसरायची, पाणी शिंपडायचं, गुंडाळायचं आणि तुडवायचं, लाटायचं, पुन्हा तुडवायचं. लोकरीच्या केसावर बारीक खवले असतात. ओल, ऊब आणि दाब मिळाला की ते एकमेकांत असे गुंततात की पुन्हा सुटत नाहीत. हॅटचा नमदाही असाच होतो. सशाच्या केसाची हॅट लोकरीपेक्षा मऊ आणि महाग; पण तो केस सहज गुंतत नाही, म्हणून जुन्या काळी युरोपात तो पाऱ्याच्या क्षारात घोळवत. त्या वाफेनं कारागिरांचे हात थरथरायला लागत, डोकं फिरे. अमेरिकेत हे 1941 साली बंद झालं. माझी हॅट साध्या मेंढीच्या लोकरीची. तिला पारा लागला नव्हता, पण लोकर स्वस्तातली असली की तिला उभं करायला लाख मात्र सढळ हातानं लागते. नव्या घोंगड्याचंही तेच आहे. चिंचोक्याची खळ दिलेलं नवं घोंगडं उभं केलं तर उभं राहतं आणि अंगावर घेतलं तर टोचतं. दोन हिवाळे गेले की ते अंगवळणी पडतं. हा शब्द घोंगड्यावरूनच आला असावा असं मला उगीच वाटतं. त्याला पुरावा नाही.

मिस्त्री म्हणाले, "स्पिरिटनं धुऊन काढू का सगळी लाख? मऊ पडंल, पार फडक्यागत." मोह झाला. पण फडकंच डोक्याला गुंडाळायचं तर गमछा काय वाईट होता? काठ डोळ्यांवर सावली धरून उभा राहायला थोडी लाख हवीच. वडिलांची पेज मला त्या दिवशी जराशी पटली. धुवायचं नाही, फक्त जिथं चावते तिथंच सैल करायची, असं ठरलं.

मिस्त्रींनी माझ्या डोक्याभोवती, कपाळापासून कानांच्या वरून, एक जाड मऊ तार दाबून बसवली. ती अलगद काढून पुठ्ठ्यावर ठेवली आणि पेन्सिलनं आतून रेघ मारली. अठ्ठावन्न वर्षं जे घेऊन हिंडलो त्याचा आकार मी पहिल्यांदा पाहिला. अंड्यासारखा असेल असं वाटलं होतं. भरताच्या वांग्यासारखा निघाला, डावीकडं जरा फुगीर, मागं निमुळता. बायकोला दाखवला तर ती म्हणाली, "मला माहीत होतं." नेमकं काय माहीत होतं ते विचारलं नाही.

त्या रेघेवर त्यांनी सागाच्या उरलेल्या तुकड्याचे दोन भाग कापले, मध्ये पाचर मारायला जागा ठेवली, कानसनं कडा गोल केल्या. ते त्याला फर्मा म्हणत होते. मला आजीचा कलबूत आठवला. रुमी टोपीच्या साच्यात एकच गोल डोकं असायचं, सगळ्या कारकुनांना सारखं. हा माझ्याच वांग्याचा.

आक्रसलेल्या चामडी पट्टीला ओलं फडकं फिरवून ती मऊ केली. फर्मा आत घातला, पाचर हलक्या हातानं ठोकली. पाण्याचा हात ओझरता, नाहीतर चामडं वाळताना पुन्हा आखडतं. पट्टी बाहेर उलटून, नमद्याचा फक्त खालचा घेर वाफेवर धरला, पुढं आणि मागं, जिथं रुतत होतं तिथं. काठाच्या लाटांवर ओलं सुती फडकं टाकून कोमट इस्त्री दाबली, दाबली म्हणजे ठेवून उचलली, घासली नाही. दोन रात्री सावलीत. चुलीजवळ नाही, उन्हात नाही, मोटारीत तर नाहीच; उन्हातल्या मोटारीत हॅटची तीच गत होते जी इडलीपात्रावर झाली. तिसऱ्या दिवशी घातली. कपाळाला टेकली, पण रेघ उठली नाही.

पुढचं काम मात्र कुणाच्या हातात नव्हतं. रोज पहाटे अर्धा तास घालून फिरायला जायचं. मार्गशीर्षाचं दव पडायचं, कपाळाला थोडा घाम यायचा, आणि आतली पट्टी रोज कणाकणानं माझ्या बाजूला सरकायची. हॅट काढताना चिमट्याला धरायची खोड सोडली, तिथंच नमदा पहिल्यांदा फाटतो. काठाला दोन्ही हातांनी धरायचं, टेबलावर ठेवताना पालथी नाही, माथा खाली. मऊ ब्रशनं धूळ झाडायची. एकदा अवकाळी पाऊस लागला, मी घाबरलो, पण पट्टी उलटून, काठ मोकळा ठेवून वाळवल्यावर ती आधीपेक्षा जरा शहाणी झाली. भाजीवाल्या मावशींनी तिसऱ्या आठवड्यात विचारणं सोडलं. त्या काही बोलल्या नाहीत याचं मला थोडं वाईटच वाटलं.

एक कबूल करतो. ही टोपी आपल्या हवेची नाही. मेमध्ये पारा 42 च्या पुढं जातो तेव्हा लोकरीचा नमदा डोक्यावर घेणं म्हणजे आव्यात डोकं घालणं. दिवाळीपासून महाशिवरात्रीपर्यंत तिचं राज्य, नंतर गमछ्याचं. पण आमच्याकडं थंडीही पडते, आणि पौषात शेतात पहाटे उभं राहिलं की कान गळून पडतात. तेव्हा तिचा काठ थोडा खाली ओढून घेता येतो. आता तो ओढला तिथं राहतो.

पौषातच औशाकडच्या चुलत्यांनी हुरड्याला बोलावलं. नानांचं वय ऐंशीच्या पुढं, डोक्याला पटका. हॅट घालून बांधावरून येताना बघितलं आणि ते एवढंच म्हणाले, "ये साहेब, बैस." आगटीत गोवऱ्यांची धग चांगली धरली होती. गुळभेंडी ज्वारीची कणसं भाजून निघत होती आणि नाना ती तळहातावर चोळून दाणे सोडवत होते. लसणाची चटणी, गूळ, दही सगळं मांडलेलं. पोरांनी सूप आणायचं विसरलं होतं. नानांनी इकडंतिकडं पाहिलं, माझ्या डोक्यावरची हॅट काठाला धरून उचलली, अगदी दोन्ही हातांनी, जशी उचलायची असते तशी, उलटी केली आणि चोळलेला हुरडा तिच्यात ओतायला लागले. मी "नाना, अहो..." म्हणेपर्यंत दोन मुठी आत गेल्या होत्या. ऊन दाणे, कोंड्यासकट. नाना वर फुंकर मारत होते, कोंडा उडून अर्धा नमद्याला चिकटत होता, आणि हॅट माझ्यासमोरून एकेकाच्या हातात फिरत होती. मी नानांच्या नातवाच्या शेजारी बसलो आणि माझ्या वाट्याची मूठ तिच्यातूनच घेतली.

रात्री घरी आल्यावर तास-दीड तास कोंडा वेचत बसलो होतो. ब्रश घेतला, चिकटपट्टी घेतली, शेवटी बायको चिमटा घेऊन मदतीला आली. नमद्याला धुराचा वास लागला तो अजून आहे. सगळं निघालं असं वाटलं, पण एक दाणा चामडी पट्टीच्या आत सरकून बसला होता. दुसऱ्या दिवशी पहाटे फिरायला निघालो तेव्हा तो कपाळाला टोचला.